१८९३ ची न्यूझीलंडची निवडणूक : बायकांच्या मताला कोण घाबरलं होतं?

बखरवाली (धागालेखिका)

दुसऱ्या एका धाग्यावर "बायकांना मत पहिल्यांदा कुठे मिळालं" यावरून जुंपली होती. मूळ विषय पाककृतींचा होता, तो पार बाजूला पडला, म्हणून इथे वेगळी चूल मांडते.

मी वेलिंग्टनला राहते. इथल्या दहा डॉलरच्या नोटेवर केट शेपर्ड नावाच्या बाईंचं चित्र आहे आणि सोबत पांढरं कॅमेलियाचं फूल. बरेच जण ती नोट वर्षानुवर्षं वापरतात आणि फूल शोभेचं समजतात. ते फूल म्हणजे त्या काळी कोण कुठल्या बाजूचं हे दाखवणारा बिल्ला. बायकांच्या मताच्या बाजूने असलेले आमदार कोटाला पांढरं कॅमेलिया लावायचे, विरोधातले लाल.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूझीलंड तेव्हा ब्रिटिश वसाहत, पण स्वतःची संसद असलेली. खालचं सभागृह निवडून आलेलं, वरची लेजिस्लेटिव्ह कौन्सिल नेमलेल्या लोकांची. १८७९ मध्ये सगळ्या सज्ञान पुरुषांना मत मिळालं. १८८९ मध्ये जमीनदारांची एकापेक्षा जास्त ठिकाणी मत देण्याची सोय बंद झाली. म्हणजे पुरुषांपुरता प्रश्न मिटला होता. बायकांची मागणीही नवी नव्हती. १८६९ मध्ये मेरी ॲन म्युलर या बाईंनी 'फेमिना' या टोपणनावाने न्यूझीलंडच्या पुरुषांना उद्देशून एक पत्रक काढलं होतं. टोपणनाव घेतलं, कारण नवरा राजकारणातला आणि त्याला हे खपणारं नव्हतं. पुढे १८७८-७९ मध्ये आणि १८८७ मध्ये संसदेत प्रयत्न झाले, फसले.

गाडी खरी हलली ती १८८५ नंतर. अमेरिकेहून मेरी लेविट आल्या आणि त्यांनी गावोगाव ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूबंदी संघाच्या शाखा काढल्या. १८८७ पासून या संघाचं मताधिकाराचं खातं केट शेपर्डकडे आलं. लिव्हरपूलला जन्मलेल्या, १८६९ पासून क्राइस्टचर्चला राहणाऱ्या. त्यांनी काय केलं तर अर्ज. १८९१ मध्ये नऊ हजारांवर सह्या, १८९२ मध्ये एकोणीस हजारांवर, १८९३ मध्ये जवळजवळ ३२,०००. सव्वासहा लाख गोऱ्या वस्तीच्या देशात! सज्ञान युरोपीय वंशाच्या बायकांपैकी साधारण चौथा हिस्सा झाला हा. फोन नाही, रस्ते यथातथा, दोन बेटं आणि मध्ये समुद्र.

तो १८९३ चा मुख्य अर्ज इथे नॅशनल लायब्ररीत जपून ठेवलाय, मंद उजेडाच्या खोलीत. मी पाहिलाय. देशभरातून टपालाने आलेले कागद शेपर्डबाईंच्या घरी एकाखाली एक चिकटवले, ५४६ कागद. लांबी २७० मीटरच्या आसपास. एका कागदाची कड दुसऱ्यावर चढलेली स्पष्ट दिसते. डावीकडे नाव, उजवीकडे पत्ता. कुणाची सही शाळामास्तरणीसारखी रेखीव, तिच्याच खाली कुणीतरी दौतीत टाक जास्तच बुडवून गिरवलेली. ती सगळी गुंडाळी केरसुणीच्या दांड्याला गुंडाळली होती. सर जॉन हॉल या आमदारांनी ती सभागृहात आणली आणि मधल्या वाटेत जमिनीवर उलगडत सोडली. दांडा पलीकडच्या भिंतीवर जाऊन धप्पकन आपटला.

खालच्या सभागृहात विधेयक पार झालं. वरच्या कौन्सिलमध्ये मात्र खरा तमाशा झाला. तेव्हाचे पंतप्रधान रिचर्ड सेडन, लिबरल पक्षाचे. बायकांच्या मताला मनातून विरोध, पण पक्षातल्याच बऱ्याच जणांचा पाठिंबा, त्यामुळे उघड नाही म्हणता येईना. त्यांची भिस्त कौन्सिलवर : म्हातारे लोक विधेयक पाडतील आणि आपले हात स्वच्छ राहतील. एक मत कमी पडतंय असं दिसल्यावर सेडननी थॉमस केली या आपल्याच सदस्याला तार करून मत फिरवायला लावलं. हे फुटलं. विरोधी बाजूचे दोन सदस्य, विल्यम रेनॉल्ड्स आणि एडवर्ड स्टीव्हन्स, इतके चिडले की स्वतः विधेयकाच्या विरोधात असून त्यांनी बाजूने मत टाकलं, केवळ सेडनची खोड मोडायला. ८ सप्टेंबर १८९३ : २० विरुद्ध १८. गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी १९ सप्टेंबरला सही केली.

निवडणूक २८ नोव्हेंबरला. म्हणजे मतदार यादीत नाव घालायला हातात काही आठवडेच. तेवढ्यात १,०९,४६१ बायकांनी नावं नोंदवली, सज्ञान बायकांपैकी सुमारे ८४ टक्के. त्यातल्या ९०,२९० जणींनी प्रत्यक्ष मत दिलं. टक्केवारी ८२. पुरुषांची साधारण ७०.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे कुणी उदार मनाने दिलेलं दान नव्हतं. प्रत्येक बाजूचा आपापला हिशेब होता आणि बहुतेकांचा चुकला. तपशील प्रतिसादांत येतीलच.

---

मिश्कीलराव

बखरवालीताई, झकास. पण मला मुख्य मुद्दा कळला तो असा : दारूबंदीवाल्या बायकांना मत द्यायचं की नाही हे दारू विकणारे ठरवत होते. सेडनसाहेबांचा धंदा काय होता हो? शंका येतेय म्हणून विचारतो.

---

बखरवाली

शंका रास्त आहे. सेडन राजकारणात येण्याआधी दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमारा नावाच्या सोन्याच्या खाणीच्या गावात दुकान आणि दारूचा गुत्ता चालवत. देहाने अगडबंब, आवाज खणखणीत, लोक 'किंग डिक' म्हणायचे. दारूधंदेवाल्यांशी जुनी दोस्ती. १८९३ च्या एप्रिलमध्ये आधीचे पंतप्रधान जॉन बॅलन्स वारले. ते मताधिकाराच्या बाजूचे होते. गादी मिळाली सेडनना. बायकांना वाटलं, संपलं आता.

दारूवाल्यांची बाजू लढवणारा दुसरा नमुना म्हणजे ड्युनेडिनचे आमदार हेन्री फिश. त्यांनी उलटा अर्ज काढला, "आम्हाला मत नको" असा. सह्या गोळा करायला भाड्याची माणसं नेमली आणि ती गुत्त्यांतून फिरली. मग त्यातल्या काही सह्या खोट्या निघाल्या. काम अंगाशी आलं. १८९३ ला हे गृहस्थ स्वतःची जागाही गमावून बसले.

दारूबंदीचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण भीती त्याचीच होती. सेडननी त्याच वर्षी दारूविक्रीचा वेगळा कायदा करून प्रश्न जिल्ह्याजिल्ह्यांच्या मतदानावर सोपवला. परवाने पूर्ण बंद करायचे तर पाचात तीन मतं हवीत, शिवाय निम्म्या मतदारांनी तरी मतदान केलेलं हवं. १८९४ मध्ये पहिलं मतदान झालं, बायकाही होत्या. देशभरात दारू बंद झाली एकाच जिल्ह्यात, क्लुथामध्ये. गुत्तेवाले उगाच घाबरले होते.

---

नाममात्र

लेख चांगला आहे पण 'पहिला' या शब्दाला माझी हरकत आहे. अमेरिकेतल्या वायोमिंगने १८६९ मध्येच बायकांना मत दिलं. आइल ऑफ मॅनने १८८१ मध्ये, निदान मालमत्ता असलेल्या बायकांना. पिटकेर्न बेटावर तर १८३८ पासून बायका मत देत होत्या. त्याआधी न्यू जर्सीत १८०७ पर्यंत मालमत्ता असलेल्या अविवाहित बायका आणि विधवा मत देत, मग तो हक्क काढून घेतला. शिवाय न्यूझीलंड तेव्हा स्वतंत्र देश नव्हता. 'जगातला पहिला देश' हे वाक्य प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं आणि प्रत्येक वेळी माझा रक्तदाब वाढतो.

---

बखरवाली

काका, मी 'पहिला देश' कुठे म्हटलंच नाही, पुन्हा वाचा. :) राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत सगळ्या सज्ञान बायकांना मत देणारी पहिली स्वशासित वसाहत, एवढ्या लांबीने लिहिलं तर तुमचीही हरकत नसावी. वायोमिंग हा तेव्हा प्रदेश होता, राज्यही नव्हतं. १८९३ च्या कायद्यात मालमत्तेची अट नव्हती, लग्न झालंय की नाही हेही कुणी विचारत नव्हतं. एकवीस वर्षं पूर्ण आणि वास्तव्याची अट, संपलं. घरकाम करणारी मोलकरीण आणि तिची मालकीण एकाच रांगेत. त्या काळाच्या मानाने मला तरी हे जास्त मोठं वाटतं. ब्रिटनमध्ये १९१८ ला दिलं तेही तिशीच्या वरच्या आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना, बाकीच्यांना १९२८ उजाडलं.

---

वैदर्भी

दारूबंदी संघावरून एक दुवा जोडते, आपल्याकडचा. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि याच संघटनेच्या फ्रान्सिस विलर्डशी त्यांचा चांगला परिचय झाला. परत आल्यावर १८८९ मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांचं मराठी पुस्तक आलं, त्यात तिथल्या बायका संस्था कशा चालवतात, वर्गणी कशी गोळा करतात, सभा कशा घेतात हे बारकाईने लिहिलंय. दारूबंदी संघही त्यात आहे. म्हणजे ज्या संघटनेच्या शाखा क्राइस्टचर्चमध्ये अर्जांवर सह्या घेत होत्या, तिचं वर्णन मराठी वाचणाऱ्या बाईला न्यूझीलंडच्या त्या निवडणुकीच्या चार वर्षं आधी घरबसल्या वाचायला मिळत होतं.

नुसत्या दारूबंदीची संघटना म्हणून तिच्याकडे पाहिलं तर अर्धंच दिसतं. नवरा पगार गुत्त्यात घालवतो आणि कायदा बाईला काहीच करू देत नाही, तिथून सुरुवात होऊन त्या मतापर्यंत पोचल्या. विदर्भातल्या गावांतून बायकांनी दारूची दुकानं बंद पाडायला केलेली आंदोलनं पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

---

सदूभाऊ

सगळं वाचलं. आता जरा उलट बाजू.

तुमच्याच कथेनुसार बायकांना मत कशामुळे मिळालं? दोन म्हाताऱ्यांना पंतप्रधानाचा राग आला म्हणून. त्या दोघांनी रागाच्या भरात मत फिरवलं नसतं तर १८-२०, विधेयक पडलं. ३२,००० सह्या काय, तीन लाख असत्या तरी कौन्सिलमधल्या त्या १८ जणांना फरक पडला नव्हता. मग संघटनेचं एवढं कौतुक कशाला? नशीब म्हणा की सरळ. आणि शेवटी निर्णय घेतला तो सभागृहातल्या पुरुषांनीच.

राग नसावा, पण इतिहास लिहिताना निकाल आधी माहीत असतो म्हणून सगळ्या गोष्टी त्याच दिशेने चालल्या होत्या असं वाटायला लागतं.

---

मिश्कीलराव

आला, सदूभाऊंचा नेहमीचा पाढा आला. धाग्याचा आखाडा व्हायच्या आत मी चहा टाकून येतो.

---

बखरवाली

सदूभाऊ, राग कशाला, प्रश्न बरोबर जागी लागलाय.

तो दिवस नशिबाचा होता हे मान्य. पण विधेयक कौन्सिलपर्यंत पोचलं कसं ते पाहा. १८९१ ला कौन्सिलनेच पाडलं. १८९२ ला पुन्हा आलं, तेव्हा बायकांनी टपालाने मत द्यावं अशी एक दुरुस्ती घुसडली आणि दोन सभागृहांचं त्यावर जमेना म्हणून ते बारगळलं. तिसऱ्या वर्षी परत आलं, आधीच्यापेक्षा दीडपट सह्या घेऊन. हे विधेयक दर वर्षी आणत राहिलं कोण, रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन्स? दोन म्हाताऱ्यांच्या रागाला काही किंमत आली, कारण मतं २०-२० च्या आसपास आणून ठेवली होती. तीच गोष्ट १८७९ मध्ये झाली असती तर दोघे चिडून चहा प्यायला गेले असते.

आणि खालच्या सभागृहात तर संघटनेचाच धाक होता. सेडन उघड विरोध का करू शकले नाहीत? निवडणूक तोंडावर होती. बायकांना मत मिळालंच तर विरोध करणाऱ्यांना त्या लक्षात ठेवतील. आणि नाहीच मिळालं तरी त्यांच्या घरात मत असलेले पुरुष होतेच. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघातून पत्त्यांसकट सह्या आल्या होत्या. आमदाराला आपल्या गल्लीतली नावं ओळखू येतात हो.

'पुरुषांनीच दिलं' यावर : हो, कारण मत द्यायला सभागृहात दुसरं होतंच कोण? पण ज्यांनी दिलं त्यांनी काय हिशेबाने दिलं ते मजेशीर आहे. सर जॉन हॉल हे मेंढपाळी करणारे मोठे जमीनदार, माजी पंतप्रधान, चांगले जुन्या वळणाचे. त्यांच्यासारख्यांचं गणित असं : खाणींत, लाकडाच्या वखारींत फिरणारे सडेफटिंग मजूर लिबरलांना मतं देतात, घरात चूल पेटवून बसलेली बाई आमच्यासारख्या स्थिर माणसांना देईल. शिवाय लग्न झालेल्या माणसाच्या घरातून आता दोन मतं येतील. लिबरलांच्या डाव्या गोटाला वाटायचं की कामगारांच्या बायका आपल्या. सेडनना वाटायचं की सगळ्याच मिळून आपल्याला बुडवतील.

निकाल? लिबरल पक्षाला ७४ पैकी ५१ जागा. आधीपेक्षा भक्कम बहुमत. ज्याने तार करून विधेयक पाडायचा डाव टाकला त्याच सेडनना याचा सर्वांत जास्त फायदा झाला आणि ते १९०६ मध्ये मरेपर्यंत खुर्चीवर राहिले. पुढे पुढे तर मताधिकार आपणच दिल्याचं श्रेयही घ्यायला लागले. (हे मात्र आपल्याकडच्या वाचकांना ओळखीचं वाटेल.)

---

सदूभाऊ

१८७९ चा मुद्दा पटला. श्रेयाचा तर पटायलाच हवा. :)

पण मतदानाचा दिवस कसा गेला ते कुणी सांगत नाही. टक्केवारी झाली, पण बायका बाहेर पडल्या तेव्हा काही राडा झाला का? आमच्या तालुक्याला ग्रामपंचायतीला सुद्धा होतो.

---

दक्षिणगोल

मी ऑकलंडचा, दोन शब्द टाकतो.

राडा होणार हीच भविष्यवाणी होती. मताधिकाराच्या विरोधकांनी आधीपासून ओरड केली होती की झिंगलेले पुरुष मतदान केंद्रापाशी बायकांना छळतील, सभ्य घरातल्या बायका फिरकणारच नाहीत. २८ नोव्हेंबर १८९३, मंगळवार. झालं नेमकं उलट. वर्तमानपत्रांनी ही आजवरची सर्वांत शांत निवडणूक म्हणून नोंद केली. क्राइस्टचर्चच्या एका वार्ताहराने बायकांच्या सुंदर कपड्यांनी आणि हसऱ्या चेहऱ्यांनी मतदान केंद्रं उजळून गेल्याचं लिहिलंय. म्हणजे पहिल्यांदा मत दिलं तरी बातमी कपड्यांचीच. असो. गुप्त मतदान न्यूझीलंडमध्ये १८७० पासूनच होतं. आधीच्या पद्धतीत मोठ्याने नाव सांगून मत द्यावं लागायचं, तेव्हा गर्दी, दारू, धक्काबुक्की सगळं व्हायचं. ते निघून गेल्यामुळेही बायकांचं काम सोपं झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी, २९ नोव्हेंबरला, ऑकलंडजवळच्या ओनेहंगा गावाने एलिझाबेथ येट्स यांना महापौर निवडलं. ब्रिटिश साम्राज्यातली पहिली महिला महापौर. ओनेहंगा आता ऑकलंड शहरातच जिरून गेलंय. निवडून आल्या आल्या चार नगरसेवक आणि नगरपालिकेचा कारकून यांनी राजीनामे दिले. सभांत आरडाओरडा, प्रत्येक ठरावाला खोडा. तरी बाईंनी वर्षभरात पालिकेचं कर्ज फेडलं, अग्निशमन दलाची घडी नव्याने बसवली, रस्ते सुधारले. पुढच्या वर्षी हरल्या. कारभार वाईट म्हणून हरल्या असं निदान त्यांचे विरोधकही म्हणू शकत नव्हते.

---

तांबडीमाती

सगळे गोऱ्या बायकांबद्दलच बोलताय. माओरी बायकांचं काय? त्यांना होतं का मत? सव्वासहा लाखांच्या आकड्यातही त्या नाहीत.

---

दक्षिणगोल

होतं, आणि बखरवालीताईंनी हे मुख्य लेखात घ्यायला हवं होतं असं माझं मत.

माओरींसाठी १८६७ पासून चार वेगळ्या जागा होत्या. चारच. त्या कायद्याने सगळ्या माओरी पुरुषांना मत मिळालं होतं, गोऱ्या पुरुषांच्या बारा वर्षं आधी, कारण माओरींची जमीन सामायिक असायची आणि मालमत्तेची अट त्यांना लावताच येत नव्हती. ऐकायला बरं वाटतं, पण लोकसंख्येच्या प्रमाणात चार जागा फार कमी होत्या. १८९३ चा कायदा माओरी बायकांनाही लागू झाला. त्यांचं मतदान वेगळ्या तारखेला, २० डिसेंबरला. आणि पद्धतही वेगळी. गुप्त मतपत्रिका नाही, केंद्रावर उमेदवाराचं नाव तोंडाने सांगायचं. गोऱ्यांना १८७० ला मिळालेलं गुप्त मतदान माओरींना १९३७ च्या कायद्याने मिळालं. मतदार याद्या तर १९४९ पर्यंत नव्हत्या.

त्याहून महत्त्वाचं असं की माओरींची स्वतःची एक संसद भरत होती, कोताहितंगा नावाची, सरकारने मान्यता न दिलेली. १८ मे १८९३ रोजी हॉक्स बेमधल्या वाइपाटूला मेरी ते ताई मांगाकाहिया या तरुण बाईने तिथे भाषण केलं. मागणी दुहेरी : बायकांना मतही द्या आणि सभासद म्हणून बसूही द्या. केट शेपर्डच्या अर्जात दुसरी मागणी नव्हती. मांगाकाहियांची कारणंही एकदम व्यवहारी होती. बऱ्याच बायका विधवा आहेत. काहींचे नवरे जमिनीचा कारभार पाहण्याच्या लायकीचे नाहीत. बायकांच्या नावावर जमिनी आहेत आणि त्या त्यांना सांभाळता येतात. पुरुषांनी राणीकडे इतकी गाऱ्हाणी नेली, काही झालं नाही. राणीही बाईच आहे, बायकांचं कदाचित ऐकेल.

सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुठल्याही आजीने हेच म्हटलं असतं. त्या संसदेने १८९७ पासून बायकांना मत दिलं.

---

तांबडीमाती

धन्यवाद. राणीचा मुद्दा भारी आहे.

आणखी एक आठवलं. यादीत नाव नोंदवण्यावरून. आपल्याकडे मुंबई इलाख्याने बायकांना मत दिलं १९२१ मध्ये, शिक्षण-मालमत्तेच्या अटींसकट. अटी गेल्या त्या घटनेने. पण १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असंच लिहून दिलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही म्हणून ठामपणे सांगितलं. मुख्यतः उत्तरेतल्या राज्यांत झालं हे. न्यूझीलंडच्या बायकांनी काही आठवड्यांत लाखावर नावं नोंदवली हे त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की अर्ज फिरवण्याच्या त्या वर्षांचा उपयोग कळतो. कागदावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहायची सवय झाली होती.

---

सदूभाऊ

हा मुद्दा बखरवालींनी मला दिलेल्या उत्तरापेक्षा चांगला आहे. +१

---

बखरवाली

@दक्षिणगोल, माओरी भाग तुम्ही माझ्यापेक्षा चांगला लिहिलात, तेव्हा तो तुमच्याच नावावर राहू दे.

@सदूभाऊ, कळलं हो. :)

---

ॲडलेडकर

शेजारच्या घरची भर. साउथ ऑस्ट्रेलिया हीसुद्धा तेव्हा वेगळी वसाहत होती, ऑस्ट्रेलिया हा देश १९०१ मध्ये झाला. इथल्या संसदेने १८ डिसेंबर १८९४ रोजी बायकांना मत दिलं, आणि वर निवडणुकीला उभं राहण्याचाही हक्क दिला. तो कसा मिळाला ते ऐका. एबेनेझर वॉर्ड नावाचे विरोधक सदस्य. त्यांना वाटलं, उभं राहण्यावरची बंदी उठवायची दुरुस्ती सुचवली की सगळे दचकतील आणि आख्खं विधेयकच पडेल. दुरुस्ती मंजूर झाली आणि विधेयकही ३१ विरुद्ध १४ मतांनी पार झालं. सेडननी तार पाठवली, वॉर्डनी दुरुस्ती दिली. विरोधकांच्या कर्तबगारीला तोड नाही. पहिलं मतदान एप्रिल १८९६ मध्ये.

आता याची कडू बाजू, आणि ती आपल्यालाही लागू होते. १९०२ मध्ये ऑस्ट्रेलियाने देशभरातल्या बायकांना मत दिलं, पण त्याच कायद्यात ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि आशिया, आफ्रिका, पॅसिफिक बेटांचे मूळचे लोक वगळले. अपवाद फक्त न्यूझीलंडच्या माओरींचा. म्हणजे इथे स्थायिक झालेला भारतीय, ब्रिटिश प्रजाजन असूनही, केंद्राच्या निवडणुकीत मत देऊ शकत नव्हता. १९२२ मध्ये भारतीय नेते श्रीनिवास शास्त्री इथे येऊन गेले, हा विषय त्यांनी लावून धरला, आणि १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांवरची बंदी उठली. मूळ रहिवाशांना केंद्राच्या निवडणुकीत मत द्यायला १९६२ उजाडलं.

---

वैदर्भी

वॉर्डसाहेबांना साष्टांग नमस्कार. मग न्यूझीलंडच्या बायकांना उभं राहता कधी आलं? कॅमेलिया लावून मिरवणाऱ्यांनी ते नाही का दिलं?

---

बखरवाली

नाही दिलं. मागितलंच तर सगळंच हातचं जाईल म्हणून त्या वेळी बाजूला ठेवलं गेलं. उभं राहण्याचा हक्क १९१९ मध्ये मिळाला. त्याच वर्षी तिघी उभ्या राहिल्या, तिघीही पडल्या. पहिली महिला आमदार एलिझाबेथ मॅककोंब्स, १९३३, लिटल्टनची पोटनिवडणूक, तीही नवऱ्याच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर. त्याआधी स्वतःच्या बळावर दोनदा लढून हरल्या होत्या. पहिली माओरी महिला आमदार इरियाका रातना, १९४९, त्यांची जागाही नवऱ्याच्या निधनाने रिकामी झालेली. म्हणजे मत द्यायला १८९३ आणि निवडून यायला चाळीस वर्षं.

---

मिश्कीलराव

चहा संपला, धागा अजून शाबूत आहे, कमाल आहे. शेवटचा प्रश्न : त्या २०-१८ वाल्या कौन्सिलचं पुढे काय झालं? नेमलेल्या म्हाताऱ्यांची ती सभा अजून आहे का?

---

दक्षिणगोल

नाही. १९५० मध्ये सरकारने ती बरखास्त करायचं ठरवलं. अडचण अशी की बरखास्तीचं विधेयक तिच्याकडूनच मंजूर करून घ्यायचं होतं. तेव्हा पंतप्रधान हॉलंड यांनी तिच्यातच नवे सदस्य नेमले, बरखास्तीच्या बाजूने मत देण्याच्या अटीवर. लोक त्यांना 'आत्महत्या पथक' म्हणायचे. त्यांनी मत दिलं, कौन्सिल संपली. तेव्हापासून न्यूझीलंडला एकच सभागृह आहे.

---

सदूभाऊ

यात कुणी रागाच्या भरात मत फिरवलं नाही ना? नाहीतर माझा मुद्दा परत उभा राहतो.